मांजराची शुगर घरी मोजताना: मीटरचा आकडा खरा कसा ठेवायचा

मधुमेही मांजराची साखर घरी मोजणाऱ्यांच्या तक्रारी फिरून फिरून तीनच असतात. एकाच थेंबातून दोन वेगळे आकडे आले. घरचा आकडा आणि दवाखान्यातला आकडा जुळत नाही. काल २१० होती, आज ३४० कशी? तिन्ही वेळा खापर मीटरवर फुटतं, आणि बहुतेक वेळा मीटर निर्दोष असतो. चाचणीच्या पट्ट्यांची (ज्यांवर रक्ताचा थेंब घेतात) डबी अर्धवट लागलेली असते, कान पिळून थेंब काढलेला असतो, नाहीतर तुलनाच भलत्या वेळी भलत्या रक्ताशी केलेली असते. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. पट्ट्या तपासण्याआधी प्रयोगशाळेशी तुलना केली, तर फरक निघेल पण तो कशाचा हे कधीच कळणार नाही.

या लेखातले सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. परदेशातल्या लेखांत आणि तिथून आणलेल्या मीटरवर साखर मिलिमोलमध्ये असते. त्या आकड्याला १८ ने गुणा. १० मिलिमोल म्हणजे १८०.

आधी हे वाचा. इन्सुलिनवरचं मांजर डगमगत चालत असेल, मान टाकून पडलं असेल, थरथरत असेल किंवा हाक मारून प्रतिसाद देत नसेल, तर मीटर शोधत बसू नका. आधी बोटावर मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी घेऊन हिरड्यांना चोळा, मग मोजा, आणि लगेच डॉक्टरांकडे निघा. झटके येत असतील तर तोंडात काही ओतू नका आणि दातांमध्ये बोट घालू नका.

## टप्पा १: मीटर ठरवा, आणि मग तो बदलू नका

माणसाच्या रक्तातल्या साखरेपैकी सुमारे ५८ टक्के प्लाझ्मात (रक्तातल्या पेशींशिवायच्या पातळ भागात) आणि ४२ टक्के लाल पेशींत असते. मांजरात हीच वाटणी साधारण ९३ आणि ७ अशी आहे. माणसांच्या ग्लुकोमीटरचं गणित माणसाच्या वाटणीवर बसवलेलं असतं, म्हणून मांजराच्या रक्तावर तो सहसा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. प्राण्यांसाठीच्या मीटरमध्ये हे गणित मांजर आणि कुत्रा यांच्यासाठी वेगवेगळं केलेलं असतं. त्यांतलं सर्वांत परिचित नाव अल्फाट्रॅक. अल्फाट्रॅक २ मध्ये पट्ट्यांच्या डबीवर मांजराचा कोड आणि कुत्र्याचा कोड असे दोन कोड छापलेले असतात. नवी डबी उघडली की मांजराचा कोड मीटरवर आहे ना, हे पाहायचं. कुत्र्याचा कोड राहिला तर महागाचा मीटरही चुकीचाच आकडा देणार.

आपल्याकडे प्राण्यांच्या मीटरच्या पट्ट्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळत नाहीत. पट्ट्या संपल्या म्हणून चार दिवस न मोजणं हे कमी अचूक मीटरपेक्षा वाईट. त्यामुळे माणसांचा मीटर वापरायचा असेल तर खुशाल वापरा, फक्त निवडताना या गोष्टी पाहा:

- रक्त किती लागतं. मांजराच्या कानातून मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा थेंब निघतो. ०.३ ते ०.६ मायक्रोलिटरवर चालणारी पट्टी हवी. अ‍ॅक्यू-चेक इन्स्टंटला ०.६ पुरतं, अ‍ॅक्यू-चेक अ‍ॅक्टिव्हला १ ते २ लागतं.
- पट्टी रक्त स्वतः ओढते का. टोक थेंबाला टेकवलं की रक्त आत खेचणारी पट्टी घ्या. पट्टीच्या चौकोनावर वरून थेंब सोडायचा असेल तर हलणाऱ्या कानावर ते जमत नाही.
- कमी रक्त पडलं तर मीटर काय करतो. काही मीटर थोड्या सेकंदांत त्याच पट्टीवर आणखी रक्त लावू देतात. बाकीच्यांत 'एरर' येते, नाहीतर पट्टी वाया जाते. नवख्यांसाठी पहिला प्रकार पैसे वाचवतो.
- पट्ट्या घराजवळ मिळतात का. ही अट शेवटी लिहिली असली तरी निर्णय बहुधा हिच्यावरच होतो.

नेहमीची चूक: ठरावीक गुणक लावणं. "माणसांच्या मीटरचा आकडा सव्वापट करायचा" असले हिशेब सोडून द्या. फरक सगळीकडे सारखा नसतो. साखर कमी असताना तो पाच-दहा अंकांचा असतो, ३०० च्या वर ५० किंवा त्याहून जास्त होऊ शकतो. शिवाय माणसांचा प्रत्येक मीटर कमीच दाखवतो असंही नाही. काही मॉडेल मांजराच्या रक्तावर जास्त दाखवतात. आपला मीटर कुठल्या बाजूला झुकतो हे सहाव्या टप्प्यात कळेल. तोवर आकडा जसा येईल तसाच वहीत लिहा.

एकदा मीटर ठरला की डॉक्टर त्याच मीटरच्या आकड्यांवर डोस बसवतात. सकाळी एका मीटरवर, रात्री दुसऱ्यावर असं मोजलेलं पान डॉक्टरांच्या काही उपयोगाचं नसतं.

## टप्पा २: पट्ट्या सांभाळा

चुका सर्वांत जास्त इथे होतात आणि दिसत मात्र नाहीत, कारण खराब पट्टीही आकडा देतेच. पट्टीच्या टोकावर एन्झाइम, म्हणजे रक्तातल्या साखरेशी प्रक्रिया करणारं द्रव्य असतं. ते दमट हवेने आणि उष्णतेने मरतं. मेलेलं एन्झाइम बहुतेक वेळा 'एरर' दाखवत नाही, नुसता भलता आकडा दाखवतं.

डबीच्या आतल्या बाजूला ओल शोषणारं द्रव्य असतं. म्हणून डबी हेच पट्ट्यांचं घर. चार पट्ट्या काढून पाकिटात किंवा मीटरच्या कव्हरमध्ये ठेवणं म्हणजे त्या चार फुकट. पट्टी काढली की टक् आवाज येईपर्यंत झाकण लावा, मगच मांजराला हाक मारा. कोकणात, मुंबईत, गोव्यात जून ते सप्टेंबर हवेत इतकं पाणी असतं की मोजून होईपर्यंत डबी उघडी ठेवायची सवय महिन्याभरात सगळ्या पट्ट्या बिघडवते.

बहुतेक पट्ट्यांना ३० अंशांपर्यंतचं तापमान चालतं. नेमका आकडा डबीवर असतो. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे पश्चिमेच्या भिंतीतलं कपाट ही मर्यादा सहज ओलांडतं, स्कूटरची डिकी तर कुठल्याही गावात. पण म्हणून फ्रिजमध्येही ठेवू नका. गार डबी बाहेर काढून उघडली की आत दव धरतं. घरातली सर्वांत थंड, अंधारी, कोरडी जागा शोधा: आतल्या खोलीतला खालचा कप्पा चालेल, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर नको.

मीटरलाही तापमानाची मर्यादा असते. एसीच्या खोलीतून तापलेल्या गच्चीवर किंवा उलटं नेलं असेल, तर मीटर आणि डबी १५-२० मिनिटं तिथेच ठेवा, मग मोजा.

तपासा:
- डबी उघडल्याची तारीख मार्करने डबीवर लिहिली आहे का? छापलेली मुदत बंद डबीची असते. उघडल्यावर किती महिने चालतात हे काही कंपन्यांच्या डबीवर वेगळं दिलेलं असतं, आणि ते पाळायचं.
- दोन डब्या एकत्र केल्या आहेत का? करू नका. लॉट (एकत्र बनलेल्या पट्ट्यांची खेप) बदलला की आकडा थोडा सरकू शकतो.
- ऑनलाइन मागवलेल्या पट्ट्या उन्हाळ्यात किती दिवस वाटेत होत्या? शंका असेल तर पुढचा टप्पा टाळू नका.

## टप्पा ३: कंट्रोल सोल्युशनने खात्री करा

कंट्रोल सोल्युशन म्हणजे ठरावीक साखर असलेलं द्रव. ते रक्ताऐवजी पट्टीला लावायचं. आलेला आकडा डबीवर छापलेल्या पल्ल्यात बसला पाहिजे. हे द्रव त्याच कंपनीचं आणि त्याच मीटरसाठीचं हवं. दुकानदार बहुधा "नाही" म्हणेल. मागवून घ्यायला सांगा किंवा कंपनीच्या ग्राहक-सेवेला फोन करा.

बाटली हलवा, पहिला थेंब टिश्यूवर टाकून द्या, दुसरा वापरा. मीटरमध्ये कंट्रोलचा वेगळा मोड असेल तर तो निवडा. नवी डबी उघडल्यावर, मीटर हातातून पडल्यावर, बॅटरी बदलल्यावर आणि आकडे अचानक विचित्र येऊ लागल्यावर ही चाचणी करा. बाटली उघडल्याची तारीखही लिहून ठेवा. तीही ठरावीक दिवसच चालते.

कंट्रोल पल्ल्यात आलं म्हणजे मीटर आणि पट्टी ठीक आहेत, एवढंच. मांजराच्या रक्तावर आकडा किती सरकतो, हे त्यातून कळत नाही.

## टप्पा ४: मांजराला तयार करा

घाबरलेल्या मांजराची साखर खरोखर वाढते. निरोगी मांजरातही दवाखान्यातल्या धास्तीने ती ३०० च्या आसपास जाऊ शकते. झटापट करून घेतलेला आकडा मीटरने बरोबरच मोजलेला असतो. उपयोगाचा मात्र नसतो.

म्हणून पहिला आठवडा सुई नको. रोज त्याच जागी, त्याच चादरीवर मांजराला बसवा, कान दोन बोटांत धरा, कापसाने हलकेच पुसा, मीटर चालू केल्याचा आवाज ऐकवा आणि खाऊ द्या. खाऊ बिनपिठाचा हवा: उकडलेल्या चिकनचा तुकडा किंवा सुकवलेलं मांस. दूध आणि बिस्किट नको. हा आठवडा वाचवायला गेलेल्यांचं मांजर पुढे महिनाभर मीटरची पिशवी दिसली की पलंगाखाली जातं. अर्थात इन्सुलिन सुरू झालं असेल आणि डॉक्टरांनी आजपासूनच मोजायला सांगितलं असेल तर तसंच करा.

खऱ्या दिवशी मांजराला आणण्याआधी हे मांडून ठेवा: मीटर, बंद डबी, दोन लॅन्सेट (टोचायच्या छोट्या सुया), घडी घातलेला टिश्यू, कापूस, किंचित पेट्रोलियम जेली, वही-पेन, छोटी टॉर्च. आणि स्वतःचे हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. आंबा कापलेल्या किंवा गूळ फोडलेल्या बोटाची साखर थेंबात मिसळली तर आकडा शंभराने वर जाऊ शकतो.

सकाळ-संध्याकाळचं नेहमीचं मोजमाप खाण्याआधी आणि इन्सुलिनआधी. क्रम असा: मोजा, खाऊ घाला, मग टोचा.

थांबायची मर्यादा आधीच ठरवा. एका वेळी जास्तीत जास्त दोन-तीन टोचण्या. तेवढ्यात रक्त आलं नाही किंवा मांजर चिडलं, तर सोडा आणि अर्ध्या तासाने पाहा. या वेळी मोजमाप झालंच नाही तर इन्सुलिनचं काय करायचं, हे डॉक्टरांकडून आधी लिहून घेतलेलं असावं.

## टप्पा ५: थेंब काढा

अचूकतेचा निम्मा प्रश्न इथेच सुटतो, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

५.१ जागा. कानाच्या कडेला समांतर एक बारीक शीर जाते. टॉर्च कानामागे धरली की दिसते. टोचायचं शिरेत नाही, शीर आणि कानाची कड यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत. शिरेतच सुई गेली तर रक्त भसकन येतं, केसांत पसरतं आणि नंतर गाठ धरते. कान जमतच नसेल तर पुढच्या पायाच्या मनगटामागची छोटी सुटी गादी वापरता येते. चालताना ती जमिनीला टेकत नाही, म्हणून दुखत कमी. पण पायाला माती, रेती आणि वाळू-खोक्यातली घाण लागलेली असते. आधी कोमट पाण्याने पुसून नीट कोरडी करा.

५.२ ऊब. गार कानातून रक्त येत नाही. जुन्या पायमोज्यात मूठभर कच्चे तांदूळ भरून गाठ मारा, मायक्रोवेव्हमध्ये २०-३० सेकंद गरम करा, आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहा, मग कानाला अर्धा ते एक मिनिट लावा. मायक्रोवेव्ह नसेल तर तांदूळ कढईत कोमट करून मोज्यात भरा. ओला गरम कपडा वापरलात तर कान पूर्ण कोरडा करा. पाण्याने थेंब पातळ होतो.

५.३ स्पिरिट नको. स्पिरिट न वाळता थेंबात मिसळलं की आकडा बिघडतो, शिवाय त्या वासाने मांजर उठून जातं. स्वच्छ कानाला कोरडा कापूस पुरतो. डॉक्टरांनी स्पिरिट सांगितलंच असेल तर ते उडून जाईपर्यंत थांबा.

५.४ जेली. टोचायच्या जागी पेट्रोलियम जेलीचा जेमतेम थर द्या. त्याने रक्त केसांत न पसरता गोल थेंब धरून राहतं. थर दिसण्याइतका जाड झाला तर जेली पट्टीच्या टोकाला लागून ते बंद होतं, आणि एरर येते.

५.५ पट्टी आधी, सुई नंतर. पट्टी मीटरमध्ये घालून थेंबाचं चित्र दिसू लागलं की मगच टोचा. थेंब आल्यावर पट्टी शोधायला गेलात तर तेवढ्यात मांजर कान फडफडवतं आणि भिंतीवर नक्षी उमटते.

५.६ टोचणं. कानामागे टिश्यूची घडी धरा, म्हणजे सुई आरपार जाऊन तुमच्या बोटात शिरणार नाही. सुरुवातीला २६ ते २८ गेजचं लॅन्सेट घ्या. माणसांच्या किटमधली ३० किंवा ३३ गेजची बारीक सुई नव्या कानातून पुरेसं रक्त काढत नाही. सरावाने कान लवकर रक्त देऊ लागला की ३० वर जा. बहुतेकांना टोचणीच्या पेनपेक्षा मोकळं लॅन्सेट सोपं जातं, कारण पेनच्या 'खट्ट' आवाजाला मांजर दचकतं. सुई तिरकी धरून एकदाच, ठामपणे टोचा.

५.७ पिळू नका. थेंब लहान आला तर कानाच्या मुळाकडून टोकाकडे बोटाने एक-दोनदा हलकेच सरकवा. जखमेच्या कडेला चिमटा काढून दाबलं तर रक्ताबरोबर पेशींभोवतीचं पाणी येतं आणि आकडा खोटा पडतो. एवढं करूनही थेंब येत नसेल तर ऊब कमी पडली आहे.

५.८ लावणं. पट्टीचं टोक थेंबाच्या कडेला टेकवा. कातडीवर दाबू नका. खिडकी पूर्ण भरेपर्यंत धरून ठेवा. मांजर मान हलवतच असेल तर धुतलेल्या कोरड्या नखावर थेंब उचला आणि लगेच पट्टी लावा. केसांत पसरलेलं रक्त खरवडून लावू नका.

५.९ दाबून धरणं. टिश्यूने जागा २०-३० सेकंद दाबा. हे टाळलं की कान काळानिळा होतो आणि उद्याची जागा आजच जाते. मग खाऊ, आणि वहीत नोंद: वेळ, आकडा, कोणता कान, मांजर शांत होतं की नाही.

## टप्पा ६: मीटर किती चुकतो ते मोजा

आधी स्वतःशी तुलना. एका चांगल्या मोठ्या थेंबातून लागोपाठ दोन पट्ट्या भरा. माणसांच्या मीटरसाठीचं आयएसओ १५१९७ हे २०१३ चं मानक असं सांगतं: साखर १०० किंवा जास्त असेल तर १०० पैकी किमान ९५ आकडे खऱ्या आकड्याच्या १५ टक्के आत हवेत, १०० च्या खाली असेल तर १५ अंकांच्या आत. हिशेब करून पाहा. खरी साखर ३०० असताना २५५ आणि ३४५ हे दोन्ही आकडे 'चालतात'. खरी ७० असताना ५५ आणि ८५ चालतात. आणि ही सवलत माणसाच्या रक्तासाठीची आहे, मांजराचा फरक त्याउपर. म्हणून काल २९०, आज ३२० याला साखर वाढली म्हणत नाहीत. एकाच थेंबातले दोन आकडे मात्र २० टक्क्यांहून लांब पडले, तर तिसरी पट्टी लावा. तीही भरकटली तर टप्पा २ आणि ३ पुन्हा.

मग प्रयोगशाळेशी तुलना. इथे बहुतेकांचं हमखास चुकतं. सकाळी घरी मोजलं, दोन तासांनी रिक्षातून ओरडत गेलेल्या मांजराचं रक्त दवाखान्यात काढलं, आणि आकडे जुळले नाहीत म्हणून मीटर फेकला. ती तुलनाच नव्हे. बरोबर पद्धत अशी:

1. आपला मीटर आणि बंद डबी दवाखान्यात घेऊन जा. १५-२० मिनिटं पिशवीबाहेर ठेवा.
2. डॉक्टरांनी शिरेतून रक्त काढलं की सिरिंजमधला पहिला ताजा थेंब, बल्बमध्ये (रक्त ठेवायच्या नळीत) जाण्याआधी, तुमच्या पट्टीला लावायला सांगा. दोन पट्ट्या लावा.
3. उरलेलं रक्त फ्लोराइड बल्बमध्ये, म्हणजे करड्या झाकणाच्या. प्लेन बल्बमध्ये रक्तपेशी साखर खात राहतात. ठेवून दिलेल्या रक्तातली साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. फ्लोराइडचा परिणामही पूर्ण लागू व्हायला वेळ लागतो, त्यामुळे नमुन्यातला प्लाझ्मा पेशींपासून शक्य तितक्या लवकर, अर्ध्या तासात वेगळा केला तर उत्तम.
4. फ्लोराइड बल्बमधलं रक्त परत आपल्या पट्टीला लावून 'खात्री' करू नका. पट्ट्या ताज्या रक्तासाठी असतात.
5. त्याच नमुन्याची पीसीव्ही (रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के, हा आकडा) मागा. हा आकडा पुढे लागणार आहे.

प्रयोगशाळेचं यंत्र म्हणजे प्लाझ्मा किंवा सीरमवर चालणारा बायोकेमिस्ट्री अ‍ॅनालायझर. डॉक्टरांच्या टेबलावरचा ग्लुकोमीटर हाही ग्लुकोमीटरच. त्याच्याशी जुळलं काय आणि न जुळलं काय.

समजा मीटर २४०, प्रयोगशाळा २९०. फरक ५०, म्हणजे मीटर १७ टक्के कमी दाखवतो. माणसांच्या मीटरसाठी हे अपेक्षित आहे, वापरत राहा. अशा दोन-तीन जोड्या वेगवेगळ्या पातळीवर जमवा: एक ३०० च्या वर, एक मधली, जमल्यास एक १५० च्या आसपासची. यासाठी मुद्दाम फेऱ्या नकोत. दर तपासणीला मीटर बरोबर न्या म्हणजे झालं. मीटर प्रयोगशाळेपेक्षा सातत्याने १५ टक्क्यांहून जास्त दाखवत असेल, तर मांजरासाठी तो वापरू नका. कमी दाखवणारा मीटर तुम्हाला जास्त सावध करतो, जास्त दाखवणारा साखर उतरत असताना झोपू देतो.

पीसीव्ही कशाला? पट्टीत प्लाझ्मा पाझरून एन्झाइमपर्यंत पोचतो. लाल पेशी कमी असल्या की तो सहज पोचतो आणि आकडा खोटा वाढतो. मांजराला जुलाब-उलट्यांनी पाणी कमी पडून रक्त घट्ट झालं की उलटं होतं, आकडा खोटा उतरतो. निरोगी मांजराची पीसीव्ही साधारण ३० ते ४५ टक्के. वयस्क मांजरांत मूत्रपिंडाचा आजार आणि त्यातून रक्ताची कमतरता नेहमीची आहे, आणि मधुमेही मांजरं बहुधा वयस्कच असतात. तुमच्या मीटरला कुठली मर्यादा चालते ते पट्टीच्या माहितीपत्रकात 'हिमॅटोक्रिट' (पीसीव्हीचंच दुसरं नाव) या शब्दापुढे छापलेलं असतं. मांजराची पीसीव्ही तिच्याबाहेर असेल तर डॉक्टरांना तसं सांगा.

## टप्पा ७: आकड्याचं काय करायचं

वरच्या बाजूला मीटर चुकला तर आजचा दिवस निघून जातो. खालच्या बाजूला चुकीला जागा नाही. म्हणून दोन बाजूंना दोन वेगळे नियम.

८० च्या खाली आकडा आला की इन्सुलिन टोचू नका, खायला द्या, डॉक्टरांना फोन करा आणि १५-२० मिनिटांनी परत मोजा. "माणसांचा मीटर कमी दाखवतो, खरी साखर शंभर असेल" हा विचार इथे करायचा नाही. आकडा चुकीचा निघाला तर फार तर एक डोस उशिरा जाईल.

इन्सुलिनच्या वेळी १५० च्या आत आकडा आला आणि तुम्ही नवीन असाल, तर टोचण्याआधी विचारा. अनुभवी माणसाला डॉक्टरांनी वेगळी मर्यादा दिलेली असू शकते. ती कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलेली असावी.

वरचा एकच आकडा पाहून डोस वाढवू नका. ४०० आला तर आधी पाहा: मांजर घाबरलं होतं का, बोटाला काही लागलं होतं का, कालचं इन्सुलिन नीट गेलं का. पडद्यावर 'हाय' आलं तर साखर मीटरच्या वरच्या मर्यादेपलीकडे आहे (बहुतेक मीटरमध्ये ६००). हात धुऊन, दुसऱ्या कानातून, नवी पट्टी. पुन्हा तेच आलं तर, किंवा मांजर खात नसेल, उलट्या करत असेल तर, आकडा कितीही असो, त्याच दिवशी दवाखाना.

लघवीची उलटतपासणी. मांजराच्या लघवीत साखर उतरायला रक्तातली साखर साधारण २५० ते ३०० च्या वर जावी लागते. मीटर रोज १८० च्या आसपास दाखवतो आणि लघवीची पट्टी मात्र दर वेळी गडद रंग घेते, तर एकतर मीटर बराच कमी दाखवतोय किंवा तुम्ही मोजत नसलेल्या वेळी साखर चढतेय. दोन आठवड्यांचा अंदाज हवा असेल तर डॉक्टर फ्रुक्टोसामाइन ही रक्तचाचणी करायला सांगतात.

## टप्पा ८: दिवसभराचा कर्व्ह

कर्व्ह म्हणजे दिवसभर ठरावीक अंतराने मोजून काढलेला साखरेच्या चढउताराचा आलेख. पहिलं मोजमाप सकाळी खाण्या-इन्सुलिनच्या आधी, मग दर दोन तासांनी, १२ तास. एकूण सात आकडे. ग्लार्जिनसारख्या लांब चालणाऱ्या इन्सुलिनला डॉक्टर तीन-चार तासांचं अंतर सांगू शकतात. मधेच आकडा १५० च्या खाली गेला तर दर तासाला मोजा, कारण तळ, म्हणजे दिवसातला सर्वांत खालचा आकडा, नेमका तिथे असतो. तळ ८० ते १५० च्या दरम्यान असावा हे सर्वसाधारण लक्ष्य.

एका डबीत किमान दहा पट्ट्या आहेत याची आदल्या रात्री खात्री करा. कर्व्ह अर्धा एका लॉटवर आणि अर्धा दुसऱ्या लॉटवर नको. कान आलटून-पालटून वापरा. खाणं, डोस, वेळा अगदी रोजच्यासारख्या. त्या दिवशी पाहुणे, फटाके, नवं खाणं काहीही असेल तर कर्व्ह पुढे ढकला. कागद डॉक्टरांना जसाच्या तसा पाठवा; 'चुकीचा वाटला' म्हणून एखादा आकडा गाळू नका, त्यापुढे शेरा लिहा.

कानाऐवजी कातडीला चिकटवायचा सेन्सर (फ्रीस्टाइल लिब्रे) काही डॉक्टर मांजराला लावतात. तो रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो, त्यामुळे साखर झपाट्याने उतरताना काही मिनिटं मागे असतो. पहिल्या दिवसाचे आकडे कमी भरवशाचे असतात. १४ दिवसांसाठी बनवलेला हा सेन्सर मांजरं बऱ्याचदा त्याआधीच उपटून काढतात. खाली घसरलेला आकडा दिसला की कानातून पट्टीने पडताळा.

## मीटर बरोबर, तरी आकडे विचित्र

वरचं सगळं जुळलं आणि तरीही साखर दिवसेंदिवस वर किंवा अचानक फार खाली असेल, तर मीटर बाजूला ठेवा आणि सिरिंज हातात घ्या. आपल्याकडे इन्सुलिन ४० आणि १०० अशा दोन तीव्रतेचं मिळतं आणि सिरिंजही दोन: लाल टोपीची ४० साठी, केशरी टोपीची १०० साठी. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने 'एक युनिट' ओढलं तर मांजरात अडीच युनिट जातात. ४० चं केशरी टोपीने ओढलं तर अर्ध्याहूनही कमी, ०.४ युनिट. बाटलीवरचा आकडा आणि टोपीचा रंग एकमेकांशेजारी धरून पाहा.

मग इन्सुलिनची बाटली: फ्रिजमध्ये गोठली का, वीज गेली तेव्हा तापली का, उघडून किती दिवस झाले. शेवटी टोचल्यावर केस ओले लागतात का, बोट फिरवून वास घ्या. इन्सुलिनला औषधी वास असतो. तो केसांना आला तर डोस कातडीखाली गेलाच नाही. अशा वेळी अंदाजाने दुसरा डोस टोचू नका, पुढच्या ठरलेल्या वेळेची वाट पाहा.